बिनखिळ्याचा जिना

माणूस ज्या दिवशी पाठीचा कणा सरळ करून दोन पायांवर उभा राहिला, त्या दिवशी सुतारकाम सुरू झालं, आणि सुतारकामाच्या मागोमाग बाकीची किरकोळ संस्कृती आली. हा सिद्धांत माझ्या भावोजींचा. तो त्यांनी मला पुष्कळदा ऐकवला आहे. पण त्या सोमवारी सकाळी ऐकवला तेव्हा ते स्वतः चार पायांवर होते. डोकं कामाच्या टेबलाखाली आणि उरलेले भावोजी टेबलाबाहेर.

"भावोजी, बाहेर या."

"येतो. घाई काय आहे? मी विचार करतोय."

"कधीपासून?"

"साडेसातपासून," ताई म्हणाली. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय अठ्ठावन्न, धंदा सुतारकाम, स्वभाव सागवानी. आदल्याच दिवशी त्यांनी दोन हमालांच्या बरोबरीनं खांद्याला खांदा लावून वाचनालयाच्या जिन्याचा मधला खांब उभा केला होता. त्या खांबाला भिऊन हमालांनी दोनदा देवाचं नाव घेतलं होतं, पण भावोजींच्या कमरेनं हूं की चूं केलं नव्हतं. सोमवारी मात्र कानावरची पेन्सिल टेबलाखाली घरंगळली, भावोजी ती घ्यायला वाकले, नाकात भुसा गेला आणि एक शिंक आली. खांबाला न मोडलेला माणूस पेन्सिलीला मोडला.

आम्ही दोघांनी त्यांना ओढून काढलं. कमरेपासून उजव्या नितंबात, तिथून पोटरीच्या कडेनं थेट अंगठ्यापर्यंत वीज धावते आहे, असं ते म्हणाले. पेन्सिल त्यांनी सोडली नव्हती.

आता त्या जिन्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. वाचनालयाचा वरचा मजला नवा झाला होता आणि तिथे जायला भावोजी लाकडी गोल जिना करत होते. एकोणीस पायऱ्या, आणि अख्ख्या जिन्यात एकही खिळा नाही. लाकडात खाच पाडायची, त्या मापाची जीभ दुसऱ्या लाकडाला काढायची, एकमेकांत बसवायची, की झालं. आठ पायऱ्या बसल्या होत्या. अकरा पायऱ्या आणि कठडा बाकी होता. उद्घाटन दहा आठवड्यांवर आलं होतं. आणि गावात दुसरा सुतार एकच होता, ज्याला भावोजी 'खिळे' म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. तो जिथे तिथे खिळे मारतो म्हणून भावोजींनी त्याला ते बहाल केलं होतं, आणि पुढे ते इतकं रुळलं की लोक त्याला पत्रंसुद्धा त्याच नावानं पाठवू लागले.

"माझ्या जिन्यात खिळेंचा खिळा गेला," भावोजी झोपल्या झोपल्या म्हणाले, "तर मी रंधा विहिरीत टाकीन."

"आधी उठून विहिरीपर्यंत जा," ताई म्हणाली.

पण उठायचं नाही, हेच तर त्यांनी ठरवलं होतं. सुतारकामात एक नियम असतो. सांधा निखळला की सरस लावायचा, शिकंज्यात घट्ट आवळायचा आणि सरस वाळेपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. भावोजींच्या मते कंबर हाही एक सांधाच. म्हणून त्यांनी मला करवत धरायला लावली, पडल्या पडल्या मापं सांगितली आणि स्वतःसाठी एक जाडजूड फळी करवून घेतली. ती इतकी सपाट होती की तिच्यावर गोटी ठेवली तर कुठे जावं हे गोटीला कळेना. खाटेवरची गादी काढून ती फळी घातली आणि भावोजी तिच्यावर उताणे झाले. दोन्ही बाजूंना उशा आवळल्या. तो शिकंजा.

बारा दिवस ते वाळत पडले. भेटायला आलेल्यांनी आपापली औषधं सांगितली. एकानं उंटाच्या चालीनं चालायला सांगितलं, पण आमच्यापैकी कुणीच उंट नीट पाहिलेला नव्हता. शेजारचे मास्तर म्हणाले की त्यांच्या साडूला अस्संच झालं होतं. पुढे काय झालं असं विचारल्यावर मास्तरांनी विषय बदलला.

तेराव्या दिवशी दाढी करायला म्हणून भावोजी मोरीपर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "अगं, आरसा कुणी वाकडा केला?"

"कुणी नाही."

"मग भिंत खचली. मेहुणे, पाया बघा बाहेर जाऊन!"

ताई आली, दारात उभी राहिली, आणि नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "भिंत नाही हो, तुम्ही कलंडलाय."

"मी? माझ्या डोळ्यात ओळंबा आहे."

"डोळ्यातला राहू दे, पेटीतला आणते."

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला पितळी गोळा. उभं काम सरळ आहे की नाही ते तो सांगतो. भावोजी देवाधर्माचं फारसं करत नाहीत, पण ओळंब्याला पाय लागला तर नमस्कार करतात. ताईनं तो दाराच्या चौकटीला लटकावला. ती चौकट भावोजींनीच तीस वर्षांपूर्वी बसवली होती आणि ती सरळ आहे याबद्दल घरात दुमत नव्हतं. दोरी चौकटीला समांतर स्थिरावली. मग ताईनं भावोजींना दोरीमागे उभं केलं. सदऱ्याचं खालचं बटण दोरीवर आलं. गळ्याचं बटण दोरी सोडून डावीकडे गेलं होतं.

ताईनं बोटं लावून मोजलं. "अडीच बोटं."

भावोजींनी स्वतःही बोटं लावून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तीस वर्षांत माझ्या हातून अडीच बोटांची चूक झालेली नाही."

"ही हातून झालेली नाही, कमरेतून झालीय. सदरा बदला, डॉक्टरकडे जायचंय."

हाडांचे डॉक्टर हे एक शांत, बारीक गृहस्थ होते. त्यांची खुर्ची करकरत होती. भावोजी आत गेल्या गेल्या त्या खुर्चीकडे असे बघू लागले, जणू पेशंट तीच आहे.

"केव्हा जास्त दुखतं? बसल्यावर की चालताना?"

"बसल्यावर. खोकलं की. शिंकलं की तर विचारू नका."

"लघवीला काही अडचण? दोन मांड्यांच्या मध्ये बधिरपणा?"

भावोजींनी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग छताकडे. "मी कंबर दाखवायला आलोय."

"कंबरच बघतोय. तसं काही झालं तर मात्र वेळ-काळ न बघता धावत यायचं. आहे?"

"नाही."

"उत्तम. आडवे व्हा."

डॉक्टरांनी त्यांचा उजवा पाय गुडघ्यात न वाकवता हळूहळू वर उचलला. थोडा वर गेला आणि भावोजी किंचाळले.

"पस्तीस अंश," डॉक्टर कागदावर लिहू लागले.

"अडतीस," पडल्या पडल्या भावोजी म्हणाले.

डॉक्टरांनी खोडून अडतीस केलं. मग पायाचा अंगठा वर ओढायला सांगून स्वतः बोटानं खाली दाबला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. हातोडी बघून भावोजींना जरा आपल्यात आल्यासारखं वाटलं. धरायची पद्धत चुकीची आहे, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

"तुमची गादी सरकली आहे," डॉक्टर म्हणाले.

"काढूनच टाकलीय ती," ताई म्हणाली. "फळीवर झोपतात."

"मणक्यातली. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. कडं जरा चिरलं आणि गर बाहेर डोकावला. शेजारून पायाकडे जाणारी नस जाते, तिला तो टोचतोय. म्हणून दुखणं पायात. नसेला मोकळं करायला शरीर आपोआप एका बाजूला झुकतं, म्हणून तुम्ही वाकडे."

"मग आत फोटो काढून बघा की, केवढी चीर पडलीय."

"आत्ता नको. कंबर कधीच न दुखलेल्या तुमच्या वयाच्या माणसांचे फोटो काढले, तरी निम्म्याहून जास्त जणांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात. तुमच्या अंगठ्यात ताकद थोडीच कमी आहे. ती घटत गेली किंवा दीड-दोन महिन्यांत उतार पडला नाही, तर फोटो काढू, पुढचं बघू. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं."

"कोण शोषून घेतं?"

"तुमचं शरीर."

"फुकट?"

"फुकट. फक्त त्याला पडून राहायचं नाही. दिवसातून चार-पाच वेळा चालायचं. दुखण्यावर गोळ्या देतो. आणि शेजारच्या खोलीत व्यायामाच्या बाई आहेत, त्या सांगतील ते करायचं."

भावोजी उठून बसले. चेहऱ्यावर घोर अविश्वास. "डॉक्टर, सरस वाळेपर्यंत शिकंजा काढायचा नसतो."

"तुमच्या मणक्यात सरस नाही. लाकूड वापरून झिजतं, माणूस न वापरून झिजतो."

"पाठ केलेलं वाक्य आहे," बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले. पण त्यांनी ते पुढच्या आठवड्यात स्वतःच्या नावावर तिघांना ऐकवलं.

व्यायामाच्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या आणि त्यांना माणसाच्या ओरडण्याचं काही वाटत नसे. त्यांनी भावोजींना पालथं झोपवून कोपरांवर छाती उचलायला शिकवलं, खुर्चीवरून उठायला शिकवलं, आणि खालची वस्तू उचलायला शिकवलं. एक गुडघा टेकायचा, एक हात टेबलावर, पाठ सरळ, वस्तू अंगाजवळ. आयुष्यभर ओंडके उचललेल्या माणसाला रिकामी बादली कशी उचलायची ते शिकावं लागलं, आणि पहिल्या दिवशी ते नापास झाले.

"आणि शिंक?" भावोजींनी हळूच विचारलं. तेवढीच एक भीती त्यांच्या मनात घर करून होती. दोन आठवडे त्यांनी नाक दाबून काढले होते. घरात फोडणीला बंदी होती.

"शिंक येतेय वाटलं की उभं राहायचं, हात कशावर तरी टेकायचा, गुडघे थोडे सैल, आणि बिनधास्त शिंकायचं."

"बिनधास्त?"

"हो. दुखेल थोडं, मोडणार काही नाही."

यावर भावोजींनी विश्वास ठेवला नाही.

मग एक गंमत होऊ लागली. आधी अंगठ्यातली वीज गेली. काही दिवसांनी पोटरीतली. दुखणं मांडीत आलं, मग नितंबात. कंबर मात्र पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागली. भावोजी हवालदिल झाले, पण बाईंनी टाळी वाजवली. "छान! दुखणं पायातून वर कमरेकडे सरकलं की समजायचं, नस सुटतेय."

"म्हणजे माझ्याआधी दुखणंच जिना चढायला लागलं," भावोजी म्हणाले. त्यांचा हा पाच आठवड्यांतला पहिला विनोद. ताई त्यावर हसली नाही, पण संध्याकाळी तिनं शिरा केला.

दर रविवारी सकाळी ओळंबा लटके. ताई पेन्सिलीनं चौकटीवर खूण करी आणि बाजूला तारीख लिही. लहानपणी मुलांच्या उंचीच्या खुणा करतात तशा. अडीच बोटं, दोन, दीड. भावोजी त्या खुणांकडे बघत चहा पीत.

पण जिना काही ओळंब्याची वाट बघत थांबणार नव्हता. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस ग्रंथपालबाई घरी आल्या. वर्षानुवर्षं वाचनालयात राहून त्या घराबाहेरही कुजबुजतच बोलत. "आता कसं आहे?" त्यांनी कुजबुजून विचारलं. आम्हीही कुजबुजून बरं आहे म्हणालो. मग चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "राग मानू नका. उद्घाटनाच्या पत्रिका गेल्यात. मी खिळेंना विचारून ठेवलंय. सोमवारपासून ते येतील."

बाई गेल्यावर भावोजींनी चपला घातल्या.

"कुठे?" ताईनं विचारलं.

"चालायला. डॉक्टरांनी सांगितलंय."

मी मागोमाग गेलो. ते चालत चालत थेट खिळेंच्या दुकानात शिरले. खिळे पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा माणूस. भावोजींना बघून त्याच्या हातातला हातोडा पडला. तो उचलायला तो एक गुडघा टेकून, एक हात टेबलावर ठेवून, पाठ ताठ ठेवत खाली गेला. हातोडा पोटाशी धरून तसाच वर आला.

भावोजी भांडायला म्हणून जे काही पाठ करून आले होते ते तोंडातच राहिलं.

"किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"कमरेला."

खिळेनं दुकानाबाहेर नजर टाकली. "सहा. ओरडू नका, मिस्त्री."

"सहा वर्षं? आणि बोलला नाहीस?"

"काय बोलू? सुताराची कंबर गेली म्हणून दवंडी देऊ? काम कोण देणार? एक खाच पाडायची तर दोन तास उकिडवं बसावं लागतं. खिळा दोन मिनिटांत जातो. त्यापेक्षा लोक खिळे म्हणतात ते परवडलं."

"ते नाव मी ठेवलंय," भावोजी म्हणाले.

"माहीत आहे. पाटी रंगवायला सोपं गेलं."

भावोजी एका स्टुलावर बसले, लगेच आठवण होऊन उठले, आणि उभ्या उभ्या म्हणाले, "तुला खाच पाडता येते?"

"तुमच्याहून चांगली."

"आता उगाच तोंड सोडू नकोस."

"मग विचारता कशाला?"

असं त्यांचं जमलं. मी साक्षीला होतो म्हणून सांगतो, नाहीतर मलाही खरं वाटलं नसतं.

सोमवारी मी हातगाडीवर घालून ती सपाट फळी वाचनालयात नेली. आजवर भावोजींनी सगळं काम जमिनीवर बसून, लाकूड पायानं दाबून केलं होतं. त्यांच्या टेबलाचा उपयोग चहा ठेवायला आणि खाली पेन्सिली जायला. आता त्या फळीला कमरेइतके उंच पाय लावले आणि पायऱ्या तिच्यावर ठेवून खाचा पाडायचं ठरलं. बारा दिवस आडवं होऊन जिनं काही केलं नाही, ती फळी उभी राहिल्यावर औषधी निघाली.

व्यायामाच्या बाईंनी हुकूम दिला होता की कुणीही एका जागी पंचवीस मिनिटांच्या वर थांबायचं नाही. ताईनं स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ दिलं. ते वाजलं की पटाशी ज्याच्या हातात असेल त्यानं ती दुसऱ्याला द्यायची आणि पुस्तकांच्या कपाटांमधून फेऱ्या मारायच्या. ओझं उचलायचं काम माझ्याकडे आलं. त्याची चर्चा कुणी केली नाही, मीही करत नाही.

फेऱ्या मारताना खिळेनं एक जाडी कादंबरी हातात घेतली. तीन आठवड्यांत तो तिच्या शेवटापर्यंत आला. एकदा घड्याळ वाजलं तरी तो कपाटाआडून येईना.

"अहो, पाळी तुमची," मी हाक मारली.

"पाच मिनिटं. ती सासू मरतेय."

"मरते का खरंच?" भावोजींनी पटाशी ठेवून विचारलं.

"तुम्ही वाचा की."

"मी कशाला वाचू? तू सांग."

ग्रंथपालबाईंनी दोघांना कुजबुजून गप्प केलं.

एकोणिसावी पायरी बसली तेव्हा उद्घाटनाला सहा दिवस होते. कठडा बसला तेव्हा एक. शेवटच्या रविवारी ओळंब्यानं अर्धं बोट दाखवलं. भावोजी नाराज झाले. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, "अर्ध्या बोटाचा वाकडेपणा सगळ्याच माणसांत असतो, राहू दे." डॉक्टरांनी पाय उचलला, तो सत्तरच्या पुढे गेला. "बाहत्तर," डॉक्टर आणि भावोजी एकदमच म्हणाले. अंगठ्यातही पुरती ताकद परत आली होती.

उद्घाटनाला सगळे आले. डॉक्टर, व्यायामाच्या बाई, मास्तर आणि त्यांचा साडू. साडू ठणठणीत होता, आणि हे मास्तरांनी आधी सांगितलं असतं तर आमचे बारा दिवस बरे गेले असते. प्रमुख पाहुण्यांनी जिन्यावरून हात फिरवला आणि ते भाषणाला उभे राहिले. "या जिन्यात एकही खिळा नाही! या दोन कारागिरांनी दाखवून दिलं की कणा ताठ असेल तर..." असं काहीसं. नव्या लाकडाचा बारीक भुसा अजून हवेत होता.

भावोजी तिसऱ्या पायरीशी उभे होते. मी बघितलं, त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. ताईनंही बघितलं. खिळेनंही. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. पाहुणे कण्याच्या मध्यावर होते.

भावोजींनी एक हात कठड्यावर टेकला. गुडघे सैल केले. माझ्याकडे एकदा निरोपाचं पाहिलं, आणि शिंकले.

सभागृह दणाणलं. पाहुणे थांबले. कठडा हलला नाही. भावोजी डोळे मिटून उभे होते. मग त्यांनी एक डोळा उघडला. उजवा अंगठा बुटात हलवून पाहिला. मग कंबर जरा डावीकडे, जरा उजवीकडे.

"काही नाही," ते मोठ्यानं म्हणाले. "काही झालं नाही!"

खिळेनं टाळी वाजवली. मग डॉक्टरांनी, मग बाईंनी, आणि मग काय झालंय ते न कळलेल्या सगळ्या सभागृहानं. पाहुण्यांनी मान लववून टाळ्या स्वीकारल्या. ताई पदरानं डोळे टिपत होती आणि भावोजी खिळेच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सांगत होते की माणूस ज्या दिवशी दोन पायांवर ताठ उभा राहिला, त्या दिवशी सुतारकाम सुरू झालं. खिळे मान डोलावत होता. दोघांच्या मागे एकोणीस पायऱ्या गोल वर गेल्या होत्या आणि त्यांत कुठेही लोखंडाचा कण नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत ग्रंथपालबाई आल्या. त्यांच्या हातात 'जिना सावकाश चढावा' अशी छोटी पत्र्याची पाटी होती. कठड्याच्या खांबाकडे बोट दाखवून त्या कुजबुजल्या, "ही तेवढी इथे लावायची राहिली. एक खिळा मारून देता का?"